चामखीळ गेली, पण कशामुळे?

'चामखीळ' हा शब्द संस्कृत 'चर्मकील'वरून आला. चर्म म्हणजे कातडी आणि कील म्हणजे खिळा. कातडीत ठोकलेला खिळा ही उपमा सुश्रुताच्या काळापासून चालत आली आहे, आणि सुश्रुतसंहितेत सांगितलेला उपायही खिळ्याला साजेसाच आहे : शस्त्राने काढावे आणि क्षाराने किंवा अग्नीने डागावे. आजचे त्वचारोगतज्ज्ञ द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठवतात, विजेने जाळतात किंवा सॅलिसिलिक आम्लाने झिजवतात. साधने बदलली, तरी तत्त्व तेच आहे.

एका प्रकारच्या चामखिळीला मात्र हा न्याय सहसा लावता येत नाही. ती म्हणजे चपटी चामखीळ. हातावरची खडबडीत, फुलकोबीसारखी चामखीळ सगळ्यांच्या ओळखीची असते. चपटी बहुधा ओळखूच येत नाही. ती एक ते पाच मिलिमीटर एवढी लहान, माथ्यावर सपाट आणि त्वचेच्याच रंगाची किंवा किंचित तपकिरी असते. कपाळ, गाल, हनुवटी, हाताची मागची बाजू आणि नडगी या तिच्या आवडत्या जागा. ती एकटीदुकटी येत नाही. वीस, पन्नास, कधी शंभरही असतात. खाजवताना नखाचा ओरखडा उठला, किंवा नुकतीच दाढी करू लागलेल्या मुलाने वस्तरा फिरवला, की त्या रेषेवर नव्या चामखिळींची ओळ उगवते. शाळकरी आणि तरुण वयात ती अधिक दिसते, म्हणून तिच्या जुन्या लॅटिन नावातच 'तरुणांची' असा शब्द होता. घरचे लोक तिला मुरूम समजतात, कधी घामोळे समजतात. (आपल्याकडे मानेवर लोंबणाऱ्या मऊ तंतूंनाही चामखीळ म्हणतात. ते प्रकरण अगदी वेगळे आहे, आणि ते संसर्गजन्य नाही.)

चेहऱ्यावर असे शंभर बारीक खिळे असतील तर ते उपटायचे कसे? जाळले किंवा गोठवले तर व्रण राहण्याची भीती, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर काळे-पांढरे डाग महिनोन् महिने राहतात. दुखणे निरुपद्रवी असताना उपायानेच चेहरा खराब व्हायचा! म्हणून डॉक्टर पुष्कळदा एक पातळ मलम लिहून देतात. त्यात ट्रेटिनॉइन नावाचे औषध असते आणि ते 'अ' जीवनसत्त्वाचे एक रूप आहे. या जीवनसत्त्वाशी नाते असलेल्या औषधांच्या कुळाला रेटिनॉइड म्हणतात. मुळात हे मलम मुरुमांसाठी मान्यता मिळालेले आहे. चामखिळीसाठी ते डॉक्टर आपल्या जबाबदारीवर वापरतात.

गाजर, पपई, शेवग्याचा पाला या धड्यात शिकवले जाणारे 'अ' जीवनसत्त्व चामखिळीपर्यंत पोचले कसे? आणि त्याने चामखीळ जाते हे आपल्याला कळले कसे? यातला दुसरा प्रश्न अधिक जुना आहे, म्हणून आधी तोच घेऊ.

बेकनची शंका

प्रयोग आणि निरीक्षण यांचा मोठा पुरस्कर्ता फ्रान्सिस बेकन सोळा वर्षांचा असताना पॅरिसला इंग्रज राजदूताच्या घरी राहत होता. त्याच्या एका बोटावर लहानपणापासून एक चामखीळ होती. पॅरिसमध्ये महिन्याभरात दोन्ही हातांवर मिळून कमीत कमी शंभर चामखिळी उगवल्या. राजदूताच्या पत्नीने त्यावर उपाय केला. डुकराच्या चरबीचा कातडीसकट एक तुकडा घेऊन तिने सगळ्या चामखिळींवर चोळला, आणि मग तो तुकडा आपल्या दालनाच्या दक्षिणेकडील खिडकीच्या खांबाला, चरबीची बाजू उन्हाकडे करून, खिळ्याने ठोकून ठेवला. उन्हात चरबी वितळत जाईल तशा चामखिळी विरघळतील ही त्यामागची कल्पना. पाच आठवड्यांत सगळ्या चामखिळी गेल्या. लहानपणापासूनची जुनीसुद्धा!

बेकनने हा अनुभव लिहून ठेवला आणि तो त्याच्या मृत्यूनंतर, १६२६-२७ च्या सुमारास, 'सिल्व्हा सिल्व्हारम' या ग्रंथात छापला गेला. त्यावरचे त्याचे भाष्य पाहण्यासारखे आहे. झटपट आलेल्या शंभर चामखिळी झटपट गेल्या याचे त्याला फारसे नवल वाटले नाही. ज्या आपोआप आल्या त्या आपोआप जाऊही शकतात, असे त्याने म्हटले. पण इतकी वर्षे टिकलेली जुनी चामखीळही गेली, ही गोष्ट मात्र त्याच्या मनात रुतून बसली. म्हणजे अर्धा प्रश्न त्याने बरोबर विचारला होता. उरलेला अर्धा, म्हणजे चरबी न चोळता त्या जुनीचे काय झाले असते, हा प्रश्न विचारायला माणसाला आणखी तीनशे वर्षे लागली.

आपल्याकडेही उपायांची उणीव नाही. घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांधणे, चुना लावणे, बिब्बा घालणे असे अनेक प्रकार चालतात. प्रत्येकाला साक्षीदार मिळतो : "आमच्या आत्याची याच उपायाने गेली." आत्या खोटे बोलत नसते. माणूस एकामागून एक उपाय करत जातो आणि चामखीळ कधी तरी जाते. तेव्हा जो उपाय चालू असेल, त्याच्या खात्यावर यश जमा होते. आधीचे चार उपाय फुकट गेले म्हणून विसरले जातात, आणि ज्यांची गेली नाही ते गप्प बसतात. (बिब्ब्याबद्दल एवढे सांगितले पाहिजे की त्याने कातडी अक्षरशः भाजते. चेहऱ्यावर तो प्रयोग कोणी करू नये.)

१९२७ मध्ये झुरिकच्या ब्रूनो ब्लॉख या त्वचारोगतज्ज्ञाने एक विलक्षण लेख प्रसिद्ध केला. त्याच्याकडे चामखिळी घालवणारे एक भारदस्त यंत्र होते. ते घरघरत असे, त्याचे दिवे लुकलुकत असत. रोग्याला त्याच्यापुढे बसवायचे, चामखिळीला रंग लावायचा आणि आता ती मरणार असे गंभीरपणे सांगायचे. यंत्र आत रिकामेच होते. त्यातून कोणताही किरण बाहेर पडत नव्हता. तरीही निम्म्याच्या आसपास रोग्यांच्या चामखिळी गेल्या! ब्लॉखने याचे श्रेय सूचनेच्या शक्तीला, म्हणजे मनाच्या प्रभावाला दिले. पण यंत्रापुढे न बसलेल्या रोग्यांचा गट त्याच्याजवळ नव्हता. मग ब्लॉखच्या यंत्राचे यश आणि राजदूतपत्नीच्या चरबीचे यश यांत फरक तो काय?

१९६३ मध्ये मॅसिंग आणि एप्स्टाइन या दोघांनी एक अगदी साधे काम केले. अमेरिकेतील एका संस्थेत कायम राहणाऱ्या सुमारे हजार मुलांच्या चामखिळी त्यांनी दोन वर्षे नुसत्या मोजल्या. दोन वर्षांच्या अखेरीस सुमारे दोन-तृतीयांश चामखिळी आपोआप नाहीशा झालेल्या आढळल्या. काहीही न करणे हा एवढा गुणकारी उपाय असेल, तर त्यापुढे येणाऱ्या कोणत्याही औषधाला काहीही न करण्याशीच स्पर्धा करावी लागणार, हे या मोजणीने पक्के केले. चामखिळीवरच्या पुढच्या प्रत्येक दाव्याला ही मोजपट्टी लावायला हवी.

खिळा नव्हे, पाहुणा

चामखीळ आपोआप का जाते हे कळायला ती मुळात काय आहे हे कळणे जरूर होते. १८९१ मध्ये पेन या इंग्रज डॉक्टरने एका मुलाची चामखीळ आपल्या अंगठ्याच्या नखाने खरवडली, आणि पुढे त्याच्याच अंगठ्यावर चामखिळी उगवल्या. ती संसर्गजन्य असावी याची ही रोकडी खूण होती. १९०७ मध्ये जुझेप्पे च्युफो या इटालियन डॉक्टरने चामखीळ वाटून तिचा अर्क अतिसूक्ष्म गाळणीतून गाळला. पेशी आणि जिवाणू वर राहिले. खाली आलेला द्रव त्याने स्वतःच्या हाताच्या त्वचेत टोचून घेतला. काही महिन्यांनी तिथे चामखीळ उगवली. गाळणीतून निसटणारा तो कारक म्हणजे विषाणू. १९४९ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठातील संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्याचे गोलसर कण पाहिले. १९७० च्या दशकात पॅरिसचे जेरार ऑर्थ, वॉर्साच्या स्टेफानिया याब्लोन्स्का आणि इतरांच्या कामातून स्पष्ट झाले की हा एक विषाणू नसून मोठे कूळ आहे. त्याला मानवी पॅपिलोमा विषाणू म्हणतात. आज त्याचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. चपट्या चामखिळीला मुख्यतः तिसरा आणि दहावा प्रकार कारण असतो. याच कुळातले सोळा आणि अठरा हे प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण आहेत. हा संबंध शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एका कुळातले म्हणून चपट्या चामखिळीची धास्ती घेण्याचे मात्र कारण नाही.

या विषाणूची राहणी समजून घेतली की पुढचे सारे सोपे होते. आपली बाह्यत्वचा म्हणजे एक सतत वर सरकणारा जिना आहे. सर्वांत खालच्या थरात पेशी विभागतात. त्यातल्या काही वर ढकलल्या जातात आणि चढता चढता त्यांच्यात किरॅटिन हे चिवट प्रथिन साठत जाते. वर पोचेपर्यंत त्या चपट्या आणि निर्जीव होतात व शेवटी कोंड्यासारख्या गळून पडतात. ओरखड्यातून शिरलेला विषाणू तळच्या पायरीवर गुपचूप राहतो; तिथे तो आपल्या मोजक्याच प्रती काढतो. पेशी वर चढून पक्व होऊ लागली की तो जोमाने वाढतो, आपली प्रथिनांची कवचे तयार करतो आणि गळणाऱ्या मृत पेशींबरोबर बाहेर पडतो. तो रक्तात उतरत नाही आणि पेशी फोडून गोंधळही घालत नाही. त्यामुळे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला या पाहुण्याचा पत्ताच लागत नाही. कधी तरी, महिन्यांनी वा वर्षांनी, तिला जाग येते. चपट्या चामखिळींच्या बाबतीत तर हे उघड्या डोळ्यांनी दिसते : एके दिवशी सगळ्या चामखिळी एकदम लाल होतात, खाजतात, आणि काही आठवड्यांत साऱ्याच मावळतात. पालक घाबरून डॉक्टरकडे धावतात ते नेमके याच वेळी.

थोडक्यात, या विषाणूचे सारे आयुष्य पेशींच्या पक्व होत जाण्यावर अवलंबून आहे. ती क्रिया बदलणारे एखादे द्रव्य सापडले तर? असे द्रव्य तोवर सापडलेले होते, पण ते शोधणाऱ्यांच्या डोक्यात चामखीळ नव्हती.

अस्वलाचे यकृत आणि बेडकाची कातडी

१५९७ मध्ये विलेम बॅरेन्ट्स या डच दर्यावर्दीच्या तुकडीने आर्क्टिकमधील नोव्हाया झेम्ल्या बेटावर ध्रुवीय अस्वलाचे यकृत शिजवून खाल्ले. सगळे आजारी पडले. त्यातल्या तिघांची तर डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली. असे का व्हावे याचे उत्तर १९४३ मध्ये मिळाले. रोडाल आणि मूर यांनी दाखवले की या यकृतात 'अ' जीवनसत्त्वाचा प्रचंड साठा असतो. जे जीवनसत्त्व कमी पडले तर मुले आंधळी होतात, तेच अति झाले की कातडी सोलते.

कमी पडले तर कातडीचे काय होते, हे त्याआधी कळले होते. १९२५ मध्ये वोल्बाख आणि हाउ यांनी उंदरांना 'अ' जीवनसत्त्व नसलेले अन्न दिले. त्यांच्या श्वासनलिका, ग्रंथी अशा ओलसर अस्तरांच्या जागी कातडीसारखे कोरडे, किरॅटिनाने भरलेले थर तयार झाले. १९३१ मध्ये फ्रेझिअर आणि हू यांनी पेकिंगमध्ये कुपोषित चिनी रोग्यांची कोरडी, काटेरी त्वचा वर्णन केली. १९३३ मध्ये लोवेन्थाल यांनी युगांडातील तुरुंगात निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या कैद्यांमध्ये तेच पाहिले आणि कॉडलिव्हर तेलाने त्यांना बरे केले. (तुरुंग आणि त्वचा यांची ही पहिली गाठ ध्यानात ठेवावी, दुसरी पुढे येणार आहे.) त्याच वर्षी सिलोनमध्ये काम करणाऱ्या निकोल्स यांनी 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये या त्वचेला 'फ्रिनोडर्मा' हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ बेडकाची कातडी. कोपर-गुडघ्यांवर काटे असलेली मुले आपल्या शिक्षकांनीही पाहिली असतील. पुढे १९४७ मध्ये कुन्नूरच्या प्रयोगशाळेत सी. गोपालन यांनी या दुखण्यात तेलांतील आवश्यक मेदाम्लांच्या कमतरतेचा हात दाखवला. म्हणजे बेडकाची कातडी हा केवळ 'अ' जीवनसत्त्वाचा प्रश्न नव्हता. विज्ञानात असे होते. खूण अर्धवट असली तरी तिने दाखवलेली दिशा फुकट गेली नाही.

१९५३ मध्ये केंब्रिजला ऑनर फेल आणि एडवर्ड मेलनबी यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या त्वचेचा तुकडा काचपात्रात वाढवला आणि त्यात भरपूर 'अ' जीवनसत्त्व घातले. तो तुकडा किरॅटिन बनवण्याचे सोडून नाकाच्या अस्तरासारखा चिकट स्राव बनवू लागला! कातडीने कातडी व्हायचे की ओले अस्तर, हे एक रेणू ठरवत होता. हा हुकूम पेशीपर्यंत कसा पोचतो ते १९८७ मध्ये उलगडले. स्ट्रासबर्गचे पिएर शाम्बाँ आणि कॅलिफोर्नियाचे रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटांनी पेशीच्या केंद्रकातील रेटिनॉइक आम्लाचे ग्राहक प्रथिन स्वतंत्रपणे शोधले. आम्ल या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि ते दोघे मिळून विशिष्ट जनुके चालू-बंद करतात.

डॉक्टर दोन

'अ' जीवनसत्त्वाचे आम्ल, म्हणजेच रेटिनॉइक आम्ल, हॉलंडमध्ये आरेन्स आणि फान डॉर्प यांनी १९४६ मध्ये कृत्रिमरीत्या बनवले. तोंडाने जीवनसत्त्व दिले तर कातडीवर परिणाम दिसेपर्यंत यकृताला विषबाधा होण्याची वेळ येई. मग ते थेट कातडीवरच का लावू नये? १९६२ मध्ये जर्मनीच्या ग्युंटर श्ट्युटगेन यांनी हे करून पाहिले. कातडी अतोनात जाड होणाऱ्या रोगांत हे आम्ल उपयोगी पडले, पण त्याने त्वचा इतकी लाल होई, चुरचुरे की त्यांनी ते फारसे पुढे नेले नाही.

या श्ट्युटगेन यांची आणखी एक ओळख आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये ह्युर्टगेनच्या जंगलात जर्मन आणि अमेरिकी सैन्यांत घनघोर लढाई चालू असताना हा पंचवीस वर्षांचा जर्मन सैनिकी डॉक्टर काल नदीच्या पुलाजवळ अमेरिकनांशी बोलणी करून पुनःपुन्हा तात्पुरती शस्त्रसंधी घडवत होता. त्या अवधीत दोन्ही बाजूंच्या जखमींवर उपचार झाले. समोरची अमेरिकी डिव्हिजन मूळ पेनसिल्व्हेनिया राज्यातली होती.

औषधाची पुढची कहाणी त्याच पेनसिल्व्हेनियात घडते, आणि तिचा सूर अगदी वेगळा आहे. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ मध्ये कैद्यांच्या पायांना बुरशीची लागण झाली, म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांना बोलावण्यात आले. तिथे त्यांना शेकडो माणसांची, एका जागी बंद असलेली, अभ्यासाला सोयीची त्वचा दिसली. सुपीक शेत दिसल्यावर शेतकऱ्याला जे वाटते तसे आपल्याला वाटले, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी पुढे १९६६ मध्ये एका वृत्तपत्राशी बोलताना काढले. १९७४ पर्यंत तिथे प्रयोग चालले. सौंदर्यप्रसाधने, औषधे, आणि डाऊ या रासायनिक कंपनीसाठी डायॉक्सिन हे विषसुद्धा कैद्यांच्या कातडीवर लावले गेले. कैद्यांना थोडे पैसे मिळत. त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, आणि पुष्कळजण तर जामिनाचे पैसे नाहीत म्हणून खटल्याची वाट पाहत अडकलेले होते. आपल्या अंगाला काय लावले जात आहे हे त्यांना धड सांगितले जात नसे. याच काळात, १९५८ मध्ये, गोल्डश्मिट आणि क्लिगमन यांनी त्वचेत राहणारे विषाणू माणसांना टोचून केलेल्या प्रयोगांचा लेख प्रसिद्ध केला. त्यात चामखिळीचा विषाणूही होता. च्युफोने तो स्वतःला टोचून घेतला होता, हे इथे आठवते.

श्ट्युटगेन यांनी जिथे हात आखडता घेतला तिथे क्लिगमन थांबले नाहीत. त्वचेची जळजळ आणि साल निघणे हा औषधाच्या कामाचाच भाग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९६९ मध्ये क्लिगमन, फुल्टन आणि प्लेविग यांचा मुरुमांवरचा लेख आला आणि १९७१ मध्ये ट्रेटिनॉइनला अमेरिकेत मान्यता मिळाली. या औषधाच्या चाचण्यांतही होम्सबर्गच्या कैद्यांचा वाटा होता. औषधाने कोट्यवधी डॉलर मिळवले. २००० साली सुमारे तीनशे माजी कैद्यांनी दावा लावला, तो मुदत टळल्याच्या कारणावरून फेटाळला गेला. क्लिगमन २०१० मध्ये वारले. २०२१ मध्ये विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने आणि २०२२ मध्ये फिलाडेल्फिया शहराने माफी मागितली.

औषध उपयोगी आहे आणि ते ज्या मार्गाने आले तो मार्ग लाजिरवाणा आहे. ही दोन विधाने एकमेकांना खोडत नाहीत. वरच्या वर्गांत वैज्ञानिक संशोधनावर चर्चा चालू असताना शिक्षकांनी ती दोन्ही फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावीत, असे मला वाटते. पेनिसिलिनची गोष्ट आपण हौसेने सांगतो. हीही सांगितली पाहिजे.

मग चपट्या चामखिळीचे काय?

मलम बाजारात आल्यावर त्वचारोगतज्ज्ञांनी ते इतर दुखण्यांवरही वापरून पाहिले, आणि चपटी चामखीळ त्यासाठी अगदी सोयीची ठरली. ती पातळ असते, त्यामुळे औषध आत पोचते. तळपायाच्या जाड चामखिळीत ते तेवढे सहज मुरत नाही. रेटिनॉइक आम्ल पेशींचा वर चढण्याचा वेग वाढवते, त्यांची एकमेकींना धरून राहण्याची पकड सैल करते आणि किरॅटिन साठण्याची रीत बदलते. विषाणूचा जिनाच डळमळतो. शिवाय औषधाने येणारी लाली प्रतिकारयंत्रणेला त्या जागी खेचून आणत असावी, असाही तर्क आहे.

तर्क सुंदर आहे, पण राजदूतपत्नीचा वितळत्या चरबीचा तर्कही ऐकायला सुंदरच होता. मोजणी हवी. १९९६ मध्ये अरब मुलांवर केलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चपट्या चामखिळी असलेल्या मुलांचे दोन गट केले होते, एकाला ०.०५ टक्के ट्रेटिनॉइनचे मलम दिले, दुसरा तुलनेसाठी ठेवला. मलमाच्या गटात सुमारे ८५ टक्के मुलांच्या चामखिळी पूर्ण गेल्या. दुसऱ्या गटात सुमारे ३२ टक्के मुलांच्या गेल्या.

या दोन आकड्यांतला दुसरा अधिक बारकाईने पाहावा. औषध न लावता जवळजवळ तिघांपैकी एक मूल बरे झाले. समजा, एखाद्या डॉक्टरने फक्त पहिलाच गट पाहिला असता, तर शंभरातली पंच्याऐंशी मुले माझ्या मलमाने बरी झाली असे तो प्रामाणिकपणे सांगत फिरला असता. औषधाचे खरे श्रेय मात्र पंच्याऐंशी आणि बत्तीस यांच्यातल्या फरकाएवढे, म्हणजे त्रेपन्नाचे. तेही एका लहान चाचणीतले. चामखिळींवरील मलमांच्या ८५ चाचण्या तपासणारा एक मोठा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साध्या चामखिळींसाठी सर्वांत भरवशाचा पुरावा सॅलिसिलिक आम्लाच्या बाजूने होता. पण ते चेहऱ्यावर लावण्याजोगे नाही, आणि चपट्या चामखिळीवर स्वतंत्र चाचण्या थोड्याच झाल्या आहेत. रेटिनॉइड कुळातले ॲडापलीन हे नंतर आलेले औषध त्वचेला कमी चुरचुरते, म्हणून तेही वापरले जाते.

आपल्याकडे या प्रकरणाला एक वेगळाच काटा आहे. चेहऱ्यावर काही उठले की औषधाच्या दुकानातून एखादे मिश्र मलम आणून लावायचे, ही सवय शहरात आणि खेड्यात सारखीच आहे. अशा पुष्कळ मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. गोरेपणाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही मलमांतही ते आढळते. स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबते. लाली आणि खाज कमी होते, मुलगी खूष होते, आणि विषाणूला मोकळे रान मिळून दहाच्या पन्नास चामखिळी होतात. शिक्षकांना हे ठाऊक असले तर एखाद्या मुलीचा चेहरा वाचू शकतो. वर्गात अशा मुलाला वेगळे बसवण्याचीही गरज नाही. एकमेकांचा टॉवेल किंवा दाढीचे पाते वापरू नये आणि चामखिळी खाजवू नयेत, एवढी काळजी पुरते.

डॉक्टरांनी ट्रेटिनॉइन दिलेच तर ते रात्री, अगदी थोडे, सुरुवातीला एक रात्र आड लावतात. दिवसा ऊन टाळतात, कारण त्वचा नाजूक झालेली असते. गरोदर स्त्रीने ते लावायचे नसते. याच कुळातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या १९८२ मध्ये अमेरिकेत बाजारात आल्या आणि त्यांनी गर्भात गंभीर व्यंगे होतात हे लवकरच दिसून आले. मलमातून रक्तात फार थोडे औषध जाते, तरी धोका कोणी पत्करत नाही. गुण यायला काही आठवडे ते काही महिने लागतात. मधल्या काळात बहुधा एक वेळ अशी येते की चामखिळींभोवतीची कातडी लाल होते आणि खाजू लागते. ती लाली मलमाच्या चुरचुरीची असेल, किंवा शरीराला अखेर पाहुण्याचा पत्ता लागला असेल. एका मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून ते सांगता येत नाही. त्यासाठी शेजारी मलम न लावलेली मुले मोजावी लागतात.